मधलं

बाबा, मी तुला पुन्हा तू म्हणते आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कर्जत स्टेशनच्या पुलावर, वर्गातल्या दोन मुलींसमोर, मी तुला "अहो बाबा" अशी हाक मारली होती. तू मागे वळून बघितलंस की ही कोणाला हाक मारते. तुझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चालले होते. तुला वाटलं त्यांनाच, म्हणून तू कठड्याला टेकून त्यांना वाट करून दिलीस. मुली हसल्या, मीही हसले. आपल्या केळवलीकडे बापाला तूच म्हणतात आणि त्यात कमीपणा कसला, हे मला आज कळतं, पण तेव्हा कळत नव्हतं. घरी येऊन तू आईला सांगितलंस, "पोरगी आज मला अहो बोलली. मी घाबरलोच ना." त्यानंतर मी घरात तू आणि बाहेर अहो असं दोन्ही चालवलं, आणि तू दोन्हीला ओ देत राहिलास.

आज लिहायला बसायचं कारण असं, की गेले काही दिवस लोक तुझ्यावरून भांडत आहेत. गावातले नव्हेत. दूरदूरच्या देशांतले, ज्यांना कर्जत कुठे आहे तेही माहीत नाही. रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे ते सदानकदा एकाच गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात: ज्यात कोणी गात नाही, नुसती वाद्यं वाजतात, असा सगळ्यात भारी तुकडा कोणता. त्या भांडणात तू वाजवलेलं मधलं पोचलं आहे. ते कोणी वाजवलंय हे तिथे कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी ते नीट सांगितलेलं नाही. पहिल्यापासून सांगते. यातलं निम्मं तुला माहीत होतं आणि तू माहीत नसल्यासारखं केलंस, आणि उरलेलं निम्मं तुझ्यापर्यंत कधी आलंच नाही.

कर्जतच्या बाजारात माझ्या एका मित्राच्या वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं. दुपारी एक ते चार ते बंद असायचं. वडील नमाज पढून, जेवून जरा आडवे व्हायचे, आणि तेवढा वेळ दुकानामागची खोली आमच्या ताब्यात. आम्ही चौघं होतो. हा घड्याळवाला, एक इंजिनीअरिंगचा चष्मेवाला, एक नेरळचा लांब केसांचा, आणि मी. त्या नेरळच्याची आई दर रविवारी त्याला खोबरेल लावून वेणी घालते हे त्याच्या तोंडून एकदा निसटलं होतं, त्यावरून आम्ही त्याला जन्मभर चिडवलं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ, आणि मध्ये संगणकाचे दोन लहान स्पीकर. दर शनिवारी प्रत्येकाने शब्द नसलेलं एक वाजवायचं आणि बाकीच्यांनी त्याची सालटी काढायची. चष्मेवाला वेगाचा भक्त, बोटं दिसेनाशी झाली पाहिजेत म्हणायचा. वेणीवाल्याच्या मते अंगावर काटा आला तरच ते संगीत, आणि काटा आलाय हे दाखवायला तो बाही वर करून हात आमच्या नाकासमोर धरायचा. घड्याळवाल्याला गिटारशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचा जीव ड्रमवर. "दोन्ही पाय चालले पायजेत, नायतर मशीन लाव ना," असं तो म्हणायचा. एकदा चष्मेवाल्याने वेणीवाल्याच्या लाडक्या गिटारवाल्याला "वरातीतला वाजंत्री" म्हटलं, आणि ते दोघं दोन आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. घरी तू तुझ्या वरातीच्या शर्टाला इस्त्री करत होतास.

त्यांना मी सांगितलं होतं की माझे वडील खोपोलीला कारखान्यात आहेत. ते खोटं नव्हतं. जळालेल्या मोटरची तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम तू अठ्ठावीस वर्षं केलंस. पण लग्नसराई आणि गणपतीत तू कोण असायचास ते मी कधी सांगितलं नाही. बेंजो हा शब्द मी त्या खोलीत उच्चारलाच नाही. लांबट पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातात डब्याच्या झाकणातून कापलेला प्लास्टिकचा तुकडा. पट्ट्याने तो गळ्यात अडकवून तू टेंपोच्या मागे चालायचास, आणि टेंपोवरच्या कर्ण्यातून तुझा आवाज अख्ख्या आळीत जायचा. त्या बेंजोच्या तारांखालचं लोहचुंबक आणि त्याच्याभोवतीची केसासारखी बारीक तार तूच गुंडाळली होतीस, कामावरच्या सवयीने, जरा जास्तच. म्हणून तुझा बेंजो इतरांसारखा गोड वाजत नसे, तो खरखरायचा. बेंजो पार्टीतले बाकीचे नावं ठेवायचे तेव्हा तू म्हणायचास, "थोडा फाटला पायजे आवाज. नायतर ढोलाखाली दबतो." ज्या फाटण्यासाठी माझे मित्र परदेशी गिटारवाल्यांच्या पाया पडत होते, ते तू आपल्या ओसरीवर बसून तयार केलं होतंस. मला ते ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एका रविवारी तू ओसरीवर बसला असताना मी माझ्या हेडफोनचं एक बोंड तुझ्या कानात घातलं होतं, आठवतं का? चष्मेवाल्याचा तो जगप्रसिद्ध वेगवान तुकडा होता. तू डोळे मिटून पूर्ण ऐकलास. मला वाटलं, तू म्हणशील काय हा कल्ला. तू म्हणालास, "माणूस हुशार हाय. पण घाबरलाय. थांबायला घाबरतो." पुढच्या शनिवारी मी तेच त्या खोलीत म्हटलं, जसंच्या तसं, फक्त 'हाय'चं 'आहे' केलं. "हुशार आहे, पण थांबायला घाबरतो." चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "साला, हे खरंय." मुलगी म्हणून हिला काहीतरी हळुवार आवडत असणार, असं म्हणणारे तिघं त्या दिवसापासून मी काय म्हणते याची वाट बघू लागले. नंतर मी तुला मुद्दाम ऐकवायला लागले. तू एकेक वाक्य बोलायचास आणि मी ते कर्जतला घेऊन जायचे. तुला वाटत होतं, पोरीला बापाबरोबर बसून गाणी ऐकायला आवडतं. आवडत होतंच, ते खोटं नव्हतं, पण दुसरंही खरं होतं.

मधलं म्हणजे काय ते आमच्या पार्टीबाहेर कोणाला कळायचं नाही. वरातीत एक गाणं संपतं आणि पुढचं कोणतं यावरून नाचणाऱ्या पोरांची भांडणं सुरू होतात. एकाला हे पाहिजे, दुसऱ्याला ते पाहिजे, नवरदेवाचा मामा तिसरंच सांगतो. तेवढ्यात ढोल थांबले तर वरात विस्कटते, म्हणून त्या दोनतीन मिनिटांत बेंजोवाल्याने काहीतरी वाजवत राहायचं. ते कोणाचं गाणं नसतं. त्याला पार्टीत मधलं म्हणायचे. बाकीचे बेंजोवाले त्या वेळात सरगम खरडायचे नाहीतर नुसती तार छेडत राहायचे. तुझं मधलं दर वर्षी थोडं वाढत गेलं. लहान असताना मी तुला विचारलं होतं की हे कोणत्या पिक्चरमधलं. तू म्हणालास, "गाणं लोकांचं गं. मधलं आपलं. ते कोन ऐकत नाय, म्हणून काय बी वाजवता येतं."

तर एका शनिवारी माझी हार झाली. मी नेलेलं तिघांनाही मिळमिळीत वाटलं, आणि वेणीवाल्याने मला "पियानोवाली बाई" असं नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. आई चुलीपुढे भाकऱ्या करत होती, गॅसवर डाळीचा कुकर होता. मी नवा फोन घेऊन तुझ्यासमोर बसले आणि म्हणाले, मधलं वाजव. तू गोंधळलास. "मधलं? एकटंच? त्याला आगापिछा नाय गं, एकटं कसं वाजवू?" मी हट्ट केला. मग तू उठलास, आत गेलास, आणि पाच मिनिटांनी अंगात शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडून आलास. मी म्हटलं, बाबा, फोटो नाही काढत, आवाज घेतेय. तू म्हणालास, "असू दे ना." नीट चालणारं प्लगचं बटण स्वयंपाकघरात एकच होतं, म्हणून तू उंबऱ्यावर बसलास, स्पीकरचा छोटा खोका मांडीला लावून. आई म्हणाली, "हळू वाजीव, शेजारची म्हातारी बोंबलंल." आणि मग तू सात मिनिटं वाजवलंस. वरातीत तुला कधी तीनच्या वर मिळाली नव्हती. आधी ते नेहमीचंच होतं, मग तू कुठेतरी आत शिरलास, थांबलास, इतका थांबलास की मला वाटलं संपलं, आणि खालच्या तारेवरून परत आलास. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. आईचा हात परातीत तसाच राहिला होता. मी तुझ्याकडे बघत नव्हते, मी फोनवरचा आकडा बघत होते.

खरं सांगायचं तर खोपोलीहून येणाऱ्या गाडीत बसून कर्जतला जाताना माझ्या मनात होतं की सांगायचं. आधी ऐकवायचं, त्यांची तोंडं बघायची, आणि मग सांगायचं की हा माझा बाप आहे. ऐकवलं. वेणीवाल्याने बाही वर केली नाही, कारण तो ते विसरला होता. संपल्यावर चष्मेवाला म्हणाला, "हे आपल्याकडचं नाही. इथे असं कोणी वाजवूच शकत नाही." त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की इथेच वाजवलंय, इथून दोन स्टेशनांवर. घड्याळवाल्याने विचारलं, "कुठलं बँड गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नॉर्वेचं." का नॉर्वे, ते मला आजही सांगता येणार नाही. तिकडे थंडी असते आणि मेटलवाले पुष्कळ असतात एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी सर्वांच्या मते ते पहिलं आलं. घड्याळवाल्याने फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतली, आणि मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून जिंकल्याच्या आनंदात होते.

त्यानंतर मे महिन्यात ती वरात निघाली, बाजारातल्या किराणावाल्यांच्या घरची. दुपारचे चार वाजले होते, आम्ही दुकानाचं शटर वर करून बाहेर आलो आणि समोर तुमचा टेंपो. मला तू दिसलास. तुलाही मी दिसले, मित्रांबरोबर. गाणं संपलं, पोरांची फर्माईशीवरून हुज्जत सुरू झाली, आणि तू माझ्याकडे बघत मधलं सुरू केलंस. मला दाखवायला सुरू केलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू हसत होतास. वेणीवाल्याने माझा दंड धरला. "अरे, हे तर तेच! नॉर्वेवालं!" चष्मेवाला म्हणाला, "हे यांच्याकडे कसं आलं?" तिघं माझ्याकडे बघायला लागले. ढोलांवर आवाज चढवून बोलावं लागत होतं, म्हणून मी ओरडूनच म्हणाले, "कॉपी मारलीय. नॉर्वेच्या बँडचं आहे ते. हे बेंजोवाले सगळं उचलूनच वाजवतात." आणि त्याच क्षणी तू वाजवायचा थांबला होतास, पुढचं गाणं ठरलं होतं. माझं वाक्य रस्त्यावर मोकळं पडलं.

घड्याळवाला सरळ तुझ्याकडे गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. "काका, ही ट्यून कुठून उचलली?" तू माझ्याकडे बघितलंस. मी शटरच्या कुलपाकडे बघत होते. तू म्हणालास, "बाहेरच्या देशातली हाय ती. रेडिओवर लागली व्हती कदीतरी, मी आपली ऐकून ऐकून बसवली." एवढ्यावर ते थांबलं असतं तरी मी जगले असते. पण टेंपोवाल्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि मी नेमकी चाकाच्या वाटेत होते. तू बेंजो एका हाताने सावरलास, दुसरा हात पुढे केलास आणि म्हणालास, "ताई, जरा बाजूला व्हा. टेंपो मागं येतोय." माझ्या जन्मापासून तू मला कधी अहो-जाहो केलं नव्हतंस. परक्या घरच्या मुलीला म्हणतात तसं म्हणालास, नजर खाली ठेवून, अगदी नीट. मी बाजूला झाले. वरात पुढे गेली.

घरी तू माझ्या आधी आला होतास. मी दारात उभी राहिले, आता काय ऐकायला मिळतंय याची तयारी करून. तू ओरडला असतास तर मी उलट ओरडले असते, आईने दोघांना गप्प केलं असतं, आणि कदाचित ते तिथेच मिटलं असतं. तू म्हणालास, "भूक लागली का गं? वरातीतली जिलेबी आनलीय." मी खाल्ली. बाबा, मी ती जिलेबी खाल्ली. माफी मागायचे शब्द मला येत नव्हते असं नाही. मी ती मागितली असती तर तुला सगळं ऐकू आलं होतं हे दोघांनाही कबूल करावं लागलं असतं, आणि ऐकू आलंच नसेल अशी एक बारीकशी आशा मी धरून बसले होते.

ती आशा गणपतीत गेली. आपल्याच गावची मिरवणूक, एक गाणं संपलं, पोरांची हुज्जत सुरू झाली, आणि तू बेंजोवरून हात काढून घेतलास. नुसते ढोल. ढोलवाला मागे वळून म्हणाला, "अरं मधलं वाजीव ना रं." तू म्हणालास, "ते आपलं नाय. बाहेरच्या देशातलं हाय ते. नको." मी फुलांची परात घेऊन चार पावलांवर चालत होते. मला ऐकवायला तू ते म्हटलं नव्हतंस, मी तिथे आहे हे तुला माहीतही नव्हतं. पोरीचं खोटं उघडं पडू नये म्हणून तू ते आपल्या माणसांतही खरं करून ठेवलंस. त्यानंतर तू पाच वर्षं वाजवत होतास आणि मधलं मी परत कधी ऐकलं नाही. मग तुला कावीळ झाली, तीन आठवड्यांत सगळं संपलं, आणि त्या तीन आठवड्यांत मी तुझ्या उशाशी बसून औषधांविषयी बोलत राहिले.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. पळसदरीला एका रिसॉर्टच्या कचेरीत बसून शनिवार-रविवारची बुकिंग घेते. घड्याळवाला कुवेतला आहे. त्याच्याकडे ती फाइल राहिली होती, आणि मध्यंतरी त्याने ती त्या इंटरनेटवरच्या जागेवर टाकली, "नॉर्वेचा अज्ञात वादक" म्हणून. बघता बघता लोक तिच्यावर तुटून पडले. एक जण म्हणतो ही जाड तारांची गिटार आहे, दुसरा म्हणतो गिटार नव्हेच, आणि मग दोघं एकमेकांची अक्कल काढतात. कुकरच्या शिट्टीवर तर दोन तट पडलेत, काहींच्या मते ते आगगाडीचं इंजिन आहे आणि ते मुद्दाम तिथे घातलंय. नॉर्वेचा एक सभ्य माणूस लिहितो की मी सगळीकडे चौकशी केली, आमच्याकडे असं कोणी नाही. एका बाईने लिहिलंय, "हा माणूस थांबायला घाबरत नाही." ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि रिसॉर्टच्या मागे जाऊन उभी राहिले. आणि सर्वात जास्त वाद शेवटावरून आहे. तो तुकडा एकदम तुटतो. असं अर्ध्यात तोडून टाकणं हीच त्याची थोरवी, असं तिथल्या जाणत्या लोकांचं ठरलंय. बाबा, ते तू तोडलेलं नाहीस. ते मी कापलंय, त्या रविवारीच, शेवटचा सूर पुरता विरायच्या आत.

घड्याळवाल्याने मला निरोप धाडला, "अगं नाव सांग ना आता, लोक पागल झालीत." मी त्याला काही कळवलं नाही. उलट खोटं नाव घेऊन त्या जागेवर गेले आणि लिहिलं, की हा रायगड जिल्ह्यातला बेंजो आहे, वाजवणारा खोपोलीला मोटरी गुंडाळायचा, तो आता नाही. एकाने हसण्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, दर आठवड्याला कोणीतरी येऊन हे माझं म्हणतं, ज्याच्याकडे याचा शेवट असेल त्याचं आम्ही मानू. तो शेवट माझ्याकडे आहे. न कापलेली फाइल असलेलं जुन्या फोनमधलं कार्ड सुईदोऱ्याच्या डबीत होतं, अजून चालतं. सोळा सेकंद आहेत. तेवढे पाठवले की तुझं नाव त्या तुकड्याला लागेल आणि मग ते कोणी पुसू शकणार नाही. चार दिवस मी ते पाठवलेले नाहीत.

त्या सोळा सेकंदांत आधी तार विरते. मग खोक्याची घरघर. मग तू विचारतोस, "बरं वाजलं का गं?" आणि मी म्हणते, माझ्या कर्जतच्या शुद्ध आवाजात, "बोलू नको ना. तुझा आवाज येतो त्यात." मग तू म्हणतोस, "बरं." आणि प्लग काढल्याचा टक् असा आवाज. माझा बाप कोण होता हे सगळ्या जगाला सांगायला आता माझी काही हरकत नाही. त्याची मुलगी कशी होती हे ऐकवायचं म्हटलं की हात थांबतो. आज दुपारी कचेरीत कोणी नव्हतं, तेव्हा मी फाइल उघडली आणि फक्त माझं वाक्य कापून बघितलं. अगदी सफाईने कापलं गेलं, सांधा कळतसुद्धा नाही. आता तू विचारतोस, बरं वाजलं का गं, आणि तूच म्हणतोस, बरं. ती कापलेली फाइल मी अजून पुसलेली नाही.